गेटवरून आलेले पाच फोन

नोकरी गेल्याचे किस्से सगळ्यांकडे असतात. मी ती लागायच्या आधीच कशी घालवली, ते ऐका. हसायचं तर हसा, मला अजून जमत नाही.

पनवेलला एसटी स्टँडजवळ, मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस. चार माणसं. न्हावा शेवा बंदरात कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरवाल्यांसाठी ॲप बनवतात. मला प्रोग्रामिंगसाठी आठवडाभर ट्रायलवर घेतलं होतं. पदवी घेऊन दीड वर्ष घरी. इथं जमलं नाही तर महाडला मामाच्या कटलरीच्या दुकानात बसायचं, असं बाबांनी ठरवून टाकलेलं. दाराची कडी वाजली तरी दचकायचे मी.

सोमवारी पहिलाच फोन. गिऱ्हाईक वाट्टेल ते बोलत होतं. मी रडले. तेवढ्यात केबिनचं दार उघडून ऑफिसचे मालक दामले सर कानाला मोबाईल लावूनच बाहेर आले. फोनवरचं गिऱ्हाईक म्हणजे तेच!

"इथं आठवडाभर असंच," ते म्हणाले. "अचानक काहीही येईल. घाबरायचं नाही, आणि विचारल्याशिवाय चालू सिस्टीमला हात लावायचा नाही."

मी वहीत लिहून घेतलं.

बुधवारी सगळे खाली जेवायला गेले आणि फोन वाजला.

"मॅडम, पोर्टच्या गेटवर उभा हाय. ॲपमधी पास येत नाय. पाठवा ना."

पास पुन्हा पाठवायला एकच बटण होतं. मला माहीत होतं कुठलं. पण मी काय वेडी आहे? हात लावला की नापास, हे लगेच ओळखलं.

"सर, गावची भाषा छान जमते तुम्हाला," मी म्हटलं.

"कोन सर? मागं लाईन लागलीय, बाई. दोनच्या आत गेलो नाय तर माल राहील."

मागून हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, हॉर्न जरा कमी करा, खोटे वाटतात.

त्याने पाच वेळा फोन केला. पाचव्यांदा अगदी रडकुंडीला आला होता. आणि माझा आवाज? आयुष्यात पहिल्यांदाच कापत नव्हता.

अडीचला सर वर आले. पाचही खोटे फोन ओळखले, मी अभिमानाने सांगितलं. सरांना काही कळेना. तोवर त्यांच्या मागून ट्रेलरचे मालक मुकादमशेठ जिना चढून आले. ओरडले नाहीत, तेच वाईट.

"बेटी, माझा माणूस सकाळपासून उपाशी उभा आहे. माल राहिला. आणि तू त्याला हॉर्न कमी करायला सांगितलंस?"

मी सरांकडे बघितलं. सर फरशीकडे बघत होते. शेठ गेल्यावर एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचे आणि तलावाकाठी बसून परत यायचे. रविवारपर्यंत वाटायला लागलं, अचानक काहीही येईल म्हणाले होते ना? हे 'येऊ नका'सुद्धा त्यातलंच असलं तर?

सोमवारी साडेनऊला मी ऑफिसात हजर!

माझ्या खुर्चीवर नवी मुलगी, ट्रायलचा पहिला दिवस. पुढ्यातल्या वहीत लिहिलेलं, 'अचानक काहीही येईल.' मी तिला सांगितलं की ही जागा माझी आहे, मला काढलंय, पण बहुतेक खरं काढलेलं नाही. सांगता सांगता हुंदका फुटला.

ती जराही दचकली नाही. मला पाण्याची बाटली दिली आणि केबिनकडे वळून म्हणाली,

"सर, मी ओळखलं. पण ह्या रडतात खरंच छान."