काशुबीतला नमस्कार

श्रीरामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात एक टाइमकीपर होते. नवी यंत्रं बसवायला पोलंडहून एक फिटर आला आणि त्याच्याकडून ह्यांनी नमस्कार-चमत्काराचे चार शब्द उचलले. तेव्हापासून माणूस हाताबाहेर गेला. "पोलिश नव्हे हो, काशुबी! त्याची घरची बोली," असं ते चहावाल्यालाही बजावत. सकाळी गेटवर कामगारानं "राम राम, सायेब" म्हटलं, तर हे मानही वर करत नसत. "'दोब्री जेन' म्हण," असं सांगत. तो बिचारा "डोबरी जान" म्हणायचा, तेव्हा कुठं त्याची हजेरी लागायची.

एका दुपारी फिटरची आई गेल्याची तार आली. तो गेस्ट हाउसच्या पायरीवर एकटाच बसून राहिला. मॅनेजरसाहेबांचं इंग्रजी त्याला धड कळत नव्हतं. आम्ही टाइमकीपरांना म्हटलं, "तुम्हीच जा. त्याच्या भाषेत दोन शब्द बोला."

ते टोपी सारखी करून गेले आणि ऐटीत म्हणाले, "दोब्री जेन! याक सा मोश?" म्हणजे नमस्कार, कसं काय, बरं आहे ना?

घरची बोली कानावर पडताच तो माणूस ह्यांचा हात धरून हमसाहमशी रडू लागला. रडता रडता कितीतरी वेळ सांगत राहिला. हे नुसते मान डोलवत "यो, यो", म्हणजे "होय, होय", करत होते.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला हो?"

"माझे उच्चार," ते म्हणाले, "अगदी त्यांच्या गावच्यासारखे आहेत म्हणाला."