दुखायच्या आधीची गोळी

पस्तीस वर्षं एकाच दवाखान्याच्या खिडकीमागे उभं राहिलेल्या कंपाउंडरला गोळ्यांतलं आपल्याला कळतं असं वाटणारच. पाकीट हातात देताना तो प्रत्येकाला बजावायचा, "दुखलं तरच घ्या. उगाच सवय लावून घेऊ नका." लोक मुकाट ऐकायचे.

मग बायकोच्या पोटातला कॅन्सर हाडांत उतरला. मोठ्या डॉक्टरांनी त्यावरचे उपचार थांबवले आणि घरी पॅलिएटिव्ह केअरची सिस्टर येऊ लागली. बाईला दुखू नये, नीट झोप लागावी, हे बघणं तिचं काम. तिने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी एक.

कंपाउंडरने त्या कपाटात ठेवल्या. बायको दात आवळून भिंतीकडे वळली, की तेव्हा कुठे एक काढायचा.

पुढच्या आठवड्यात सिस्टरने डबी उघडून पाहिली. "काका, निम्म्या तशाच! कुणासाठी राखून ठेवल्यात?"

"शेवटी लागतील ना. आत्ताच दिल्या तर तेव्हा लागू पडायच्या नाहीत."

"तेव्हा डोस वाढवू. दुखणं एकदा चढलं की उतरता उतरत नाही. म्हणून ते चढूच द्यायचं नाही."

"म्हणजे दुखत नसताना द्यायची?"

"दिलीत तर दुखणार नाही."

"मी जन्मभर लोकांना उलटं सांगत आलो."

"ते डोकेदुखीला. काकू, तुम्ही तरी मागायचीत!"

"मागितली की यांचं तोंड एवढंसं व्हायचं," बायको म्हणाली. "त्यापेक्षा दुखणं परवडलं."

त्या दिवसापासून कंपाउंडर घड्याळाकडे बघून गोळी देऊ लागला. बायको शांत पडलेली असताना द्यायला त्याचा हात धजेना. "अहो, द्या की! लग्नात हार घालताना पण असेच घुटमळलात," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती दोन उशांना टेकून बसली. समोरच स्वयंपाकघर दिसत होतं.

"ओटा कुणी पुसला?"

"मी."

"वाटलंच. लेकीला फोन लावा. रोज आई झोपलीये म्हणून थापा मारताय तिला."

त्याने फोन लावून दिला. पलीकडे लेक रडू लागली असावी.

"रडायचं ते इथे येऊन रड," बायको म्हणाली. "याच आठवड्यात ये. माझे फार दिवस नाहीत गं राहिले."

घरात हे आजवर कुणी बोललं नव्हतं. कंपाउंडर उठला, पण आत गेला नाही. तिच्या पायाशी जागा करून बसला.