मामांच्या गाडीतली भर दुपारची संध्याकाळ

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूस आमच्या पेडण्यात अजून जन्माला यायचा आहे. पदेर दारात पाव घेऊन आला की मामा आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग पावाकडे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कलिंगडवाल्याने न विचारता 'गोड आहे' म्हटलं तर ते पुढच्याकडे जातात. डॉक्टर हसून बोलला की त्याचं औषध दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आणतात. अशा माणसाने सत्तरी उलटल्यावर मोठा स्क्रीन असलेली नवी गाडी घेतली, तेव्हा संशय घ्यायची पाळी आमच्यावर आली. कारण मात्र साधं होतं. मामांची थोरली बहीण, म्हणजे माझी सासू, डिचोलीला एकटी राहते. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाणं हा मामांचा एकुलता एक नेम, आणि बस बदलत जाणं गुडघ्यांना झेपेना. गाडी चालवणं सुटलं की बहीणही दुरावणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या गाडीचा स्क्रीन दिवसा लख्ख आणि अंधार पडला की मंद, असा आपोआप बदलतो. मामांना 'आपोआप' हा शब्दच मान्य नाही. त्यातून तो भर दुपारीही मंद दिसायला लागला. "जावयबापू, मी बटणाक हात लावूक नाय. मगे हो उजेड कमी कोण करता?" त्यांचा पहिला संशय कंपनीवर आणि दुसरा पुण्यातल्या मुलावर, कारण बापाने या वयात गाडी चालवणं त्याला पसंत नव्हतं. तो तिकडे बसून फोनवरून स्क्रीन विझवतो, असं मामांचं मत. तीनदा गाडी दुरुस्तीला नेली. तिथली पोरं म्हणाली, स्क्रीन झक्क चालतोय. मामांना तिथेही तो मंदच वाटला, तेव्हा ती पोरंही कटात सामील झाली.

मग एका रविवारी मी सोबत गेलो. जेवण झाल्यावर सासूबाईंनी दर आठवड्याप्रमाणे डॅशबोर्डवरच्या गणपतीला ताजा अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घातला. मामांनी गाडी सुरू केली आणि रणरणत्या उन्हात स्क्रीन खरोखरच मंद झाला. मी शेजारच्या सीटवरून वाकून बघितलं. काचेजवळ उजेड ओळखणारा एक छोटा काळा ठिपका असतो, त्याच्यावर वळेसराचं टोक पसरलं होतं. दुरुस्तीला जाताना मामा देव आणि फुलं घरी काढून ठेवत, परक्याच्या हातात देव कसा द्यायचा म्हणून, त्यामुळे तिथे कुणाला काही सापडत नव्हतं. सगळ्या जगात जिच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही, नेमकी तीच दर रविवारी गाडीत संध्याकाळ करत होती. मला हसू आवरेना.

मी वळेसर अलगद बाजूला केला. स्क्रीन लख्ख उजळला. मामा पुढे झुकले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला.

"आता पेटलो मां?" त्यांनी विचारलं.

"पेटला ना मामा."

"माका तसोच दिसता."

माझं हसू तिथेच थांबलं. फार वाईट वाटलं. मामांनी गाडी बंद केली. मग ओसरीवर उभ्या बहिणीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टराक दाखवया. पण आकाक सांगू नको." स्टिअरिंगवरचे हात काढून म्हणाले, "दर आयतारी तुका सवड आसता?"

मी दर रविवारी येतो म्हटलं. मामांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि माझी जागा रिकामी होईपर्यंत दाराला धरून उभे राहिले.