बाबेट, रोझीना आणि तिरका दगड

बाबेट डॉर्शने हद्दीचा दगड उपटला, अशी कुजबूज त्या वसंतात आमच्या केट्सेलबाखमध्ये सुरू झाली. आपला नवरा आणि ती विधवा रोझीना त्या दगडाखाली काय लपवतात ते बघायला म्हणे तिने चक्क फावडं चालवलं. बेकरीत ही बातमी पावासोबत फुकट मिळायची. मी कुणाचं वाईट बोलत नाही. लोक काय बोलतात तेवढं फक्त नीट लक्षात ठेवतो.

आमचं गाव ओढ्याने चिरलेलं. पूर्वी ओढ्याच्या अलीकडचा काठ बिशपचा होता आणि पलीकडचा एका सरदाराचा, म्हणून अलीकडे कॅथलिक, पलीकडे लुथरवाले. बिशप गेला, सरदार गेला, पण अलीकडचा माणूस अजून पलीकडच्या खाटकाकडून सॉसेज घेताना इकडेतिकडे बघतो. त्यात बापाने मरताना प्रत्येक मुलाला प्रत्येक शेताचा वाटा द्यायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्या रीत. शेतांच्या शेवया झाल्या. गावात माणसं कमी आणि हद्दीचे दगड जास्त. मग बांध कोरणारे आले, आणि त्यांना धाक म्हणून आम्ही सात पंच.

पंच जन्मभराचा. एक मेला की उरलेले सहा मिळून सातवा निवडतात. आमचं काम हद्दीचे दगड बसवायचे, कललेले सरळ करायचे. दगडाखाली खोल मातीत आम्ही एक खूण मांडतो. कशाची, किती, कशी, ते फक्त सातांना ठाऊक. मांडताना जमीनमालकांनी पाठ फिरवून उभं राहायचं, मग तो गावचा प्रमुख असो की पाद्री. ही खूण बायकोला सांगायची नाही, अशी शपथ असते. मीही घेतली आहे, म्हणून आशेने पुढे वाचू नका.

बाबेट पलीकडच्या काठची. ओटमार डॉर्शशी लग्न करून अलीकडे आली तेव्हा दोन्ही काठांनी नाकं मुरडली होती. तिने ती सरळ केली. घरामागे झणझणीत रानमुळा लावला, किसून बाटल्यांत भरला आणि दोन्ही काठांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. ओटमारच्या खिशात काय आहे, दुखऱ्या दातावर त्याने जीभ कितीदा फिरवली, सगळं तिला माहीत. तो पंच झाला आणि घरात पहिल्यांदा एक कुलूप आलं.

"मी तुझी बायको ना?"

"आहेस."

"मग सांग."

"बायकोला सांगायचं नाही, हीच तर शपथ आहे."

"म्हणजे लग्न केलं नसतं तर सांगितलं असतंस?"

यावर ओटमारने आणखी एक बटाट्याचा गोळा ताटात घेतला. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना हेच एक उत्तर होतं.

तरी ती गप्प बसली. सहा दाढीवाल्यांचा काय मत्सर करायचा? पुरुषांचा पोरखेळ, म्हणायची. मग आमच्यातला म्हातारा कास्पार गेला आणि आम्ही त्याच्या जागी रोझीनाला घेतलं. गावातली पहिली बाई पंच. मतं मोजायची गरजच पडली नाही. तिच्याइतकी शेतं पायाखाली घातलेला दुसरा कुणी उरलाच नव्हता. आता हीच रोझीना तरुणपणी चर्चच्या जत्रेत ओटमारबरोबर नाचायची, आणि नाचता नाचता तिचा बूट निघाला तो ओटमारने गुडघ्यावर बसून घातला, हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं.

बाबेटच्या होतं.

त्या वर्षी दगड तपासायच्या फेरीला तिने नवऱ्याला डबा दिला. पावात सॉसेज नाही, चीज नाही, नुसता रानमुळा बोटभर जाड. ओटमार बांधावर बसून ढसाढसा रडला. रोझीनाने आपल्यातलं अर्धं सॉसेज त्याला दिलं. हे बाबेटच्या कानावर घातलं ते मीच. सांगितल्यावाचून राहवलं नाही.

पुलावर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मी योगायोगाने कठड्याला टेकून होतो.

"काय गं रोझीना, फार चालतेस हल्ली. माझ्या नवऱ्याबरोबर."

"अजून पाच जण असतात, बाबेट."

"त्यांनी जत्रेत गुडघ्यावर बसून तुझा बूट नव्हता घातला."

"तुला खूण बघायची आहे का मला छळायचं आहे? एक काय ते ठरव."

"खुणेत काय ठेवलंय? तुला माहीत आहे आणि मला नाही, एवढंच बोचतं."

बाबेटने असं तोंडावर खरं सांगितलं. रोझीना बाजूला झाली. बाबेट मात्र घरी जाऊन ओटमारची बूट पुसायची चिंधी चुलीत घालून आली, असं ऐकलं.

आणि पुढच्या वसंतात डॉर्शांचं शेत आणि रोझीनाचं कुरण यांच्या मधला दगड कलंडलेला सापडला. शेजारी माती उकरलेली, त्यात फावडं रोवलेलं. दांड्यावर बाबेटचं नाव कोरलेलं.

आम्ही जमलो. पंचाच्याच शेतातला दगड हलला म्हणजे शोभा. ओटमारने जन्मभर गावाला दटावलेलं, दगडापासून लांब राहा, डोळे कुठे होते, वगैरे. तो बिटासारखा लाल होऊन बुटांकडे बघत होता. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबेट पुढे झाली.

"मी केलं. फावडं माझं आहे, वाचता येत नाही का?"

"काय पाहिलंस खाली?" रोझीनाने विचारलं.

"तुला ठाऊक आहे ना? मग मला कशाला विचारतेस?"

गावप्रमुखाने तिला तासभर सुनावलं. ती जांभई देत ऐकत राहिली. मग तिला पाठ फिरवून उभं केलं आणि आम्ही दगड बसवायला घेतला. वर्षभर लोक तिला बघून कुदळ-फावड्याचे विनोद करायचे. ती हसायची.

चमत्कार असा की मत्सर निघून गेला. ओटमार फेरीला निघाला की डब्यात जाड जाड सॉसेज, शिवाय वर, "रोझीनालाही दे रे." रविवारी दोघं हातात हात घालून पूल ओलांडायचे. मध्येच एकमेकांकडे बघून फिसकन हसायचे, आणि कुणी जवळ आलं की गप्प. ओटमार तिची बाटल्यांची टोपली उचलायचा. सत्तरीच्या माणसाला शोभेल असं ते नव्हतं.

एकदा रोझीना माझ्याशेजारी बिअर पीत होती. खिडकीतून ती दोघं दिसली.

"आजवर ती माझ्यावर जळायची," ती म्हणाली, "आता मी जळते."

"त्या म्हाताऱ्यासाठी?"

"म्हातारा तिचा तिलाच लखलाभ. माझा योसेफ असता तर मी त्याच्यासाठी तेवढं केलं असतं का, याचा विचार करते. आणि नसतं केलं, असंच उत्तर येतं."

ती उरलेली बिअर तशीच सोडून गेली. आमच्याकडे हे फार मोठं दुःख समजतात.

आता ओटमार आणि बाबेट दोघंही गेली. दोन काठांच्या दोन दफनभूमी असूनही ती अलीकडे त्याच्याजवळ निजली आहे. म्हणून सांगायला हरकत नाही.

बाबेटने दगड उपटला नव्हता. ओटमार ट्रॅक्टर मागे घेत असताना नांगराचा फाळ लागून तो पडला होता. दगडावर ताजा ओरखडा आणि ट्रॅक्टरचा हिरवा रंग होता, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि रोझीनाने त्यावर चिखल फासला. खाली खुणेवरची माती हललेलीसुद्धा नव्हती. बाबेटने काहीच पाहिलेलं नव्हतं. फावडं तिने मागून आणून रोवलं होतं.