मिस्त्रींचा आडाजी

“थांबा जी, आता त्यायचं चालू हाये.”

एवढं बोलून मिस्त्री गप्प होत. व्हायोलिन हनुवटीखाली, गज हवेत, उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका मोजत असलेला. खोलीत काहीच वाजत नसे. ‘त्यायचं’ म्हणजे साथीच्या वीस-पंचवीस वादकांचं, आणि ते हिंगणघाटात कुठून असणार? मिस्त्री त्यांच्यासाठी थांबत आणि मग नेमक्या ठिकाणी गज तारेवर टेकवत. चाळीतल्या बायका म्हणत, “निम्मा वेळ तं हा मानूस नुसता उभाच रायते.” तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, आपण हसतो आणि हळूच ऐकतही बसतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी तिथल्या एका कापडगिरणीत हजेरीचा बाबू होतो, मिस्त्री मागांच्या खात्यात फिटर. आमच्या खोल्या लागून होत्या. त्यांची बायको वारली होती, मुलगी वडनेरला दिली होती. त्याआधी, इंग्रजांच्या काळात, गिरणीतला एक गोरा साहेब संध्याकाळी बंगल्यावर एकटाच व्हायोलिन वाजवी. वाद्याची एक खुंटी सैल झाली, ती मिस्त्रींनी बसवून दिली, आणि तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली. ती सात वर्षं चालली. स्वातंत्र्य आलं तेव्हा साहेब मायदेशी गेला. जाताना ते व्हायोलिन आणि छापील सुरांचे चार कागद मिस्त्रींना देऊन गेला.

ते कागद एका कॉन्चेर्टोचे होते. म्हणजे एका व्हायोलिनवाल्यानं मोठ्या वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना. तिला तीन भाग असतात. मिस्त्रींकडे फक्त मधला होता.

“आधीचं आणि नंतरचं कसं आहे?” मी एकदा विचारलं.

“ते साहेबाले मालूम. म्हने, तुह्या बोटाच्यानं होनार नाई. म्या म्हनलं, राहू द्या. मधलं बी कोनाले भेटते?”

पहिल्या कागदावर इटालियन भाषेत ‘अडाजिओ’ असं छापलेलं होतं. म्हणजे संथ. मिस्त्री त्याला ‘आडाजी’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, हे यांचे कोणी नातेवाईक. ओळीच्या सुरुवातीला उभ्या-आडव्या रेघांची दोन चिन्हं होती. त्यांवर बोट ठेवून ते सांगत, “ह्या दोन बाजा पाहा जी. दोन बाजा म्हंजे दोन सूर चढे. साहेब याले डी मेजर म्हने.” ती चिन्हं खरोखरच विणलेल्या बाजेसारखी दिसत.

एकदा चाळीतले एक म्हातारे वारले. तेराव्याला कोणी तरी म्हणालं, “मिस्त्री, तुमचं ते हळू गानं वाजवा ना.”

“नाई जी. ते रडाचं नाई.”

“हळू तं हाये.”

“हळू म्हंजे दुःख काऊन? बाई जेवनं आटपून दारात दाळ निवडत बसते, ते हळूच असते. ती काय दुःखी असते? माही घरवाली गेली, तवाबी म्या हे वाजवलं नाई.”

मला मिस्त्री तेव्हा हट्टी वाटले.

मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याचे कान जातात. मिस्त्रींचेही जात चालले होते. मागून हाक मारली तर वळत नसत; समोर गेलं की ओठांवरून बोलणं ओळखत. ते कबूल करत नसत आणि मी विचारत नसे.

माझी मावसबहीण सेवाग्रामला दवाखान्यात कामाला होती. तिच्याकडून कळलं, की तिथल्या एक परदेशी नर्सबाई रविवारी वर्ध्याच्या एका छोट्या चर्चमध्ये पायपेटी वाजवतात. मी मिस्त्रींचे कागद त्यांना नेऊन दाखवले. त्यांनी पहिली ओळ गुणगुणली, हसल्या, आणि साथीचे कागद आपल्या घरून मागवले. टपालाला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मिस्त्री मला रोज विचारत, “आले का जी?”

शेवटी एका रविवारी आम्ही पॅसेंजरनं वर्ध्याला गेलो. मिस्त्रींनी कोट घातला होता. प्रार्थना आटोपून चर्च रिकामं झालं होतं. बाईंनी सुरुवात केली. मिस्त्री मोजत उभे राहिले आणि अर्धा ठेका आधीच शिरले. बाई थांबल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी हात उचलले, तरी मिस्त्री वाजवतच राहिले. बाईंना आणि मला एकदमच कळलं. पायपेटी त्यांना ऐकूच येत नव्हती.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी बाईंचे थांबलेले हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे व्हायोलिन गुंडाळणार. पण ते पायपेटीजवळ गेले आणि तिच्या फळीला तळवा लावला, कुठला माग बिघडलाय ते पाहायला लावत तसा.

“बाईले म्हना, एक डाव तुमीच वाजवा.”

बाईंनी सगळं वाजवलं. तेवढा वेळ मिस्त्री हलले नाहीत. मग त्यांनी व्हायोलिन उचललं, डावा गुडघा फळीला घट्ट टेकवला आणि मान हलवून खूण केली.

या वेळी जुळलं. अगदी सगळं नाही. शेवटाकडे एकदा बाईंनाच त्यांच्यासाठी थांबावं लागलं. मी संगीतातला नव्हे. पण भिंतीपलीकडून इतकी वर्षं अर्धी ऐकलेली गोष्ट त्या दिवशी मी पुरी ऐकली.

परतीच्या गाडीत ते गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसले होते. मग म्हणाले, “एक सूर हाये बाबूजी, भल्ला लांब. मले वाटे, एवढा काऊन धरून ठेवाचा? बेकार. आज समजलं. तो उभा रायते, तवा खालून बाकीचे सारे चालत जातात.” थोड्या वेळानं विचारलं, “येत्या रविवारी जाऊ?”

मी हो म्हणालो. पण गिरणीत जादा पाळ्या लागल्या आणि माझे रविवार हजेरीत गेले. तेवढ्यात बाईंची मुदत संपली, त्या आपल्या देशी परतल्या. हे मी मिस्त्रींना पंधरा दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चांगली बाई होती.”

वर्षभरात त्यांची नोकरी सुटली आणि ते मुलीकडे वडनेरला गेले. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ते वारल्याची बातमी आली. त्याआधी हिवाळ्यात एका लग्नासाठी मी वडनेरला गेलो होतो. मुलगी म्हणाली, “बाबा वावरात असतीन. दुपारचे तिकडंच रायतात.”

मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत गेलो. तुरीच्या पलीकडे ते पाठमोरे उभे होते, व्हायोलिन खांद्याशी. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे मला काही ऐकू येत नव्हतं. हाक मारण्यात अर्थ नव्हता. पुढे जाऊन समोर उभं राहता आलं असतं, पण त्यांना मध्येच तोडावंसं वाटलं नाही. मी धुऱ्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं सडकेवर हिंगणघाटच्या मोटारीचा भोंगा वाजला. मी उठलो. तुरीवरून त्यांचा कोपर तेवढा दिसत होता, सावकाश पुढे जाणारा, सावकाश मागे येणारा.