आधी फोटो, मग हात

नीरजा चिडली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. तेव्हा समोरच्यानं मुकाट्यानं निघून जावं. ऑफिसातले लोक हे केव्हाच शिकले. धाकटा भाऊ केयूर मात्र पन्नाशीला टेकला तरी शिकला नाही.

ती विमा कंपन्यांसाठी गाड्यांची पाहणी करते. चिकलठाण्याला एका मोकळ्या आवारात जळक्या गाड्या आणून टाकतात, तिथं तिचा निम्मा आठवडा जातो. मालक येतो, रडवेला चेहरा करतो आणि सांगतो, मॅडम, उभी गाडी आपोआप पेटली. आपोआप म्हणे. नीरजा बोनेटखाली डोकं घालते आणि कुणीतरी उडालेल्या फ्यूजच्या जागी कोंबलेला तारेचा तुकडा काढून मालकाच्या तळहातावर ठेवते. लोक लबाड असतात, पुरावा हलवतात, म्हणून तिचा एक नियम आहे: आधी फोटो, मग हात. पहिला फोटो पूर्ण गाडीचा, नंबर दिसेल असा. मग जवळून. त्यानंतरच कशाला स्पर्श करायचा.

घरी वडिलांची जुनी फियाट आहे. अप्पा म्हणजे व्यंकटराव, चौऱ्याऐंशी वर्षांचे, कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले. गुडघे गेले, कान बरे आहेत, जीभ तर फारच बरी आहे. दर रविवारी नीरजानं फियाट काढायची, अप्पांना शेजारी बसवायचं आणि दौलताबादपर्यंत जाऊन यायचं. रस्त्याकडेला पेरू खायचा, तिखट-मीठ लावून, आणि परत. आठवड्यातून तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. दुसऱ्या कुठल्या गाडीत ते बसत नाहीत. त्यांच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, आतला खटका कधीचाच तुटलाय. नीरजा उतरते, वळसा घालून येते, बाहेरून उघडते. सगळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती.

त्या शनिवारी ती दुपारी घरी आली तर फियाटच्या डॅशबोर्डखाली निळा दिवा चमकत होता. केयूर पुण्याहून आला होता आणि अप्पांच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं गाडीत नवाकोरा स्टिरिओ बसवून आणला होता. अप्पा आत बसून नाट्यसंगीत ऐकत होते आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होते.

"डॅशबोर्ड कापू दिला नाही हं मी," केयूर म्हणाला. "खाली पट्टीवर लटकवलाय. तुला आवडणार नाही म्हणून."

नीरजानं बोनेट उघडलं. बॅटरीपासून एक लाल तार निघाली होती, पत्र्यातल्या भोकातून सरळ आत घुसली होती. भोकाला रबर नाही. पत्र्याची कड उघडी, धारदार. आणि फ्यूज कुठं दिसेना.

"फ्यूज कुठाय?" तिचा आवाज खाली आला.

"सेटच्या मागं असतो ना. दुकानदार म्हणाला, अंदरच रहता है साहब, टेन्शन नको."

"तो सेटला वाचवतो. ह्या तारेला कोण वाचवणार? पत्रा घासून घासून तिचं प्लास्टिक फाटलं की बॅटरीतला सगळा करंट सरळ पत्र्यात. फ्यूज बॅटरीजवळ पाहिजे, भोकाला रबर पाहिजे. एवढं साधं कळत नाही त्या माणसाला?"

"ताई, शहरात हजार गाड्या असेच सेट लावून फिरतात."

"त्यातल्या बऱ्याच माझ्याकडं येतात. मी बघते त्यांना, तू नाही. आणि ह्या सीटवर कोण बसतं माहितेय ना? तू येतोस दिवाळीला आणि वाढदिवसाला. भेट देतोस, फोटो काढतोस, जातोस."

हे जरा जास्तच झालं. केयूरचं तोंड एवढंसं झालं. अप्पा गाडीतूनच म्हणाले, "नीरू, पुरे कर. पद चाललंय."

पण नीरजाला पुरे करणं माहीत नाही. तिनं पक्कड आणली, तार बॅटरीपाशी कापली, टोकाला टेप गुंडाळली. पद मध्येच तुटलं. सोमवारी बुद्धभूषणला बोलावते, तो वायरिंगवाला नीट करून देईल, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं तिनं दोघांनाही बजावलं. केयूर संध्याकाळच्या गाडीनं न जेवताच गेला.

रविवारी सकाळी ती आणि अप्पा निघाले. छावणी मागं पडेपर्यंत नीरजा त्या दुकानदारावरच बोलत होती. त्याच्यावरून ती गेल्या आठवड्यातल्या एका खोटारड्या ट्रॅव्हल्सवाल्यावर आली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मिटमिटा ओलांडल्यावर त्यांनी हळूच हात पुढं केला आणि सेटची कळ दाबली.

निळा दिवा लागला. पेटी वाजायला लागली.

"हे चालू कसं झालं?" नीरजा म्हणाली. तेवढ्यात रस्त्यातल्या खड्ड्यात चाक आपटलं, पेटी बंद पडली आणि डॅशबोर्डखालून धूर आला. धुराला विचित्र ठसका होता, फोडणीत मिरची जळावी तसा. तिनं गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली, बोनेटचा खटका ओढला आणि बाहेर उडी मारली.

आणि मग तिनं तेच केलं, जे ती रोज करते. चार पावलं मागं गेली, फोन काढला. पूर्ण गाडी, नंबर दिसेल असा. मग बोनेट उघडलं आणि जवळून दुसरा. मनात एकच चाललं होतं, की हा फोटो आत्ता केयूरला पाठवते, बघ म्हणावं, तुझी भेट.

बोनेटखाली तिला दिसलं ते असं. लाल तारेच्या टोकाची टेप सोललेली होती. ते टोक बॅटरीला बांधलेलं होतं, काल शनिवारी गाडीला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या बारीक तारेनं. लिंबू काढायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. भोकापाशी लाल तार पत्र्याला टेकली होती आणि ती बारीक तार लालभडक होऊन मधोमध वितळून तुटली होती. मिरच्यांचा कोळसा झाला होता. फ्यूजचं काम त्या लिंबू-मिरचीनं केलं होतं. ती तार तुटली नसती तर सगळी गाडी गेली असती.

नीरजाला त्याचाच भयंकर संताप आला.

तेव्हा तिला काचेवरची थाप ऐकू आली.

ती धावली. दार उघडलं. अप्पा खोकत खोकत जवळजवळ तिच्या अंगावरच पडले. डोळ्यांना धार लागली होती. तिनं त्यांना बाभळीच्या सावलीत दगडावर बसवलं, पाणी पाजलं. त्यांना श्वास नीट घेता येतोय हे कळल्याबरोबर तिचा राग परत उसळला.

"तुम्ही जोडलंत ना? मी सांगितलं होतं हात लावायचा नाही. कशासाठी केलंत, अप्पा?"

"पद ऐकायचं होतं."

"एक दिवस थांबता आलं नाही?"

"रविवार एकच असतो, नीरू. आणि रविवारी मला तुझा सगळा आठवडा ऐकावा लागतो. कोण खोटं बोललं, कुणी फ्यूज काढला. मला वाटलं, पद लावलं तर तूही जरा गप्प बसशील." ते पुन्हा खोकले. "चूक झाली. वायरचं तुझं खरं होतं."

"मग? मी काय उगाच चिडते का?"

"नाही. पण मी दार ढकलत होतो. तू समोर उभी होतीस, मला दिसत होतीस. तू आधी फोटो काढलेस."

ते रागानं बोलले नव्हते. तिनं फोन उघडला. पहिल्या फोटोत नंबर स्वच्छ आला होता, आणि त्याच्या वर धुरकट काचेमागं अप्पांचा तळहात होता.

तिनं तो केयूरला पाठवला नाही. घरी आल्यावर फोन करून जेवलास का एवढंच विचारलं, तर तो घाबरला.

सोमवारी बुद्धभूषण फ्यूज आणि रबर घेऊन आला आणि त्यानं सवयीनं बोनेटला हात घातला. नीरजानं त्याला थांबवलं. आवाज खालीच होता, पण ह्या वेळी राग कुणावर होता ते त्याला कळेना.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी हे दार आतून उघडायला पाहिजे."