चकाचक आणि तुतीचं झाड

माझा धाकटा भाऊ दवाखान्याच्या आवारात माळीकाम करतो आणि झाडूही मारतो. खरं सांगायचं तर झाडूच जास्त. सगळे त्याला चकाचक म्हणतात, अगदी डॉक्टरसुद्धा. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. लहानपणी जेवताना ताटाबाहेर एक कण सांडला, तरी हा तोंडातला घास तसाच धरून आधी तो कण उचलायचा. आई म्हणायची, याच्या बायकोचं काही खरं नाही.

मी त्याच दवाखान्यात कपडे धुण्याच्या खोलीत आहे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं माझ्या हातून जातं. त्यामुळे आवारातल्या तुतीच्या झाडाशी माझं पहिल्यापासून वाकडं. फळं पिकली की पाखरं येतात, पोटभर हाणतात आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर जांभळे शिक्के मारून उडून जातात. पांढऱ्या चादरीवरचा तुतीचा डाग काढून दाखवा, मी तुमच्या पाया पडेन.

ते झाड लावलं माझ्या भावजयीनं. ती याच दवाखान्यात आया होती. लग्नानंतर लगेचच तिनं कुठूनशी एक फांदी आणून आवारात खोचली आणि ती मेली फांदी जगली. चकाचकच्या बायकोला लावायला अख्ख्या जगात हेच झाड सापडावं, फरशी रंगवणारं! त्यावरून दोघांची रोज जुंपायची. दोघांनाही ते भांडण आवडायचं, हे मला दिसत होतं. मग ती आजारी पडली आणि गेली. भांडायला कोणी उरलं नाही, तसं यानं ते झाड सांभाळायला घेतलं. आणि सांभाळायला घेतलं म्हणजे काय, विचारू नका.

सकाळी आल्या आल्या तुतीखालचं पान न् पान गोळा करायचा. दिवसभरात एखादं पान पडायचा अवकाश, हा टोपली घेऊन हजर. मुंगी दिसली की पावडर. फरशीवरचे डाग फिनेलनं घासायचा आणि ते पाणी बुंध्याशीच ओतायचा, कीड लागायला नको म्हणून. बुंध्याभोवतीची माती थोपटून थोपटून इतकी गुळगुळीत केली होती की मी तिच्यावर इस्त्री ठेवली असती.

"अरे, झाड आहे ते, पितळेचा तांब्या नाही," मी एकदा म्हटलं.

"तिचं आहे, ताई," तो म्हणाला. "मी तिथे घाण राहू देणार नाही."

कप्पाळ माझं!

मग झाड खंगायला लागलं. पानं बारीक, पिवळट येऊ लागली. शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या. यानं पाणी वाढवलं, तर ते थोपटलेल्या मातीवरून घरंगळून सरळ गटारात. वाळलेली पानं आणखी नेमानं गोळा केली, फिनेल आणखी ओतलं. एके दिवशी भली मोठी फांदी मोडून बाकाशेजारी पडली. नशीब, बाकावर कोणी नव्हतं. व्यवस्थापक मॅडम आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "पालवीच्या दिवसांपर्यंत थांबते. तोवर फुटलं नाही तर तोडावं लागेल. खाली पेशंट बसतात." बाई चुकीचं बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून माझ्या भावानं डबा उघडला की तसाच बंद करायला सुरुवात केली. त्या झाडाच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडणारी मी, पण त्याचं तोंड बघवेना.

माझ्या खोलीमागे कुंपणाच्या भिंतीला लागून एक मोठा ढीग आहे. तुतीखालची पानं गोळा करून हा वर्षानुवर्षं तिथे टाकत आला. त्या ढिगात काहीतरी उगवलं होतं आणि माझ्या चादरी त्याला अडकायला लागल्या होत्या. मी त्याला हाक मारली, "हे उपट बाबा, माझ्या दोरीला लागतंय."

तो कुदळ घेऊन आला आणि जवळ जाऊन थांबला. ती तुतीच होती. पाखरांच्या पोटातून बी पडलं असणार. कोणी लावली नाही, कोणी पाणी घातलं नाही, तरी माझ्या खांद्याला लागत होती आणि एकेक पान पंजाएवढं, हिरवंगार. त्यानं कुदळीनं ढीग उकरला. वर सुकी पानं, खाली ओली, आणखी खाली अर्धी खाल्लेली, नुसत्या शिरा राहिलेली. त्यांच्यात गांडुळं, काळे किडे, बुरशीचे पांढरे धागे. सगळ्यात खाली काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात त्या रोपाची मुळं.

तो त्या ढिगातच खाली बसला, धुतलेल्या कपड्यांनिशी.

"ताई, हे सगळं तिच्या झाडाखालचं आहे," तो म्हणाला. "पान पडतं, ते हे किडे खातात. त्याची माती होते आणि तीच झाड परत घेतं. मी रोज त्याच्या ताटातलं काढून इथे आणून टाकलं. जेवण करून घालणारे होते ते औषधं घालून मारले. मीच उपाशी ठेवलं गं त्याला."

"हो, ठेवलंस," मी म्हटलं. "आता इथे बसून राहणार आहेस, की टोपली उचलणार आहेस?"



आम्ही दोघांनी तो ढीग किड्यांसकट टोपल्या भरभरून परत तुतीखाली नेला. रोप मात्र यानं उपटलं नाही. मीच माझी दोरी सरकवली. तुतीखालची दगडासारखी झालेली माती त्यानं मुळांना न दुखवता सैल केली आणि वर पानं पसरली. फिनेल बंद, पावडर बंद. पानं पडत आणि तिथेच राहत. चकाचक थकला वाटतं आता, लोक येता-जाता म्हणायचे. ते त्याला फार लागायचं. एखादं पान उचलायचा, हातात धरून उभा राहायचा आणि परत खाली ठेवायचा. पाखरं येऊन पाचोळा उकरायची आणि फरशीभर उधळायची. तेव्हा तो पाठ फिरवून दुसरीकडे झाडायला जायचा.

पालवीचे दिवस आले. अर्ध्या झाडाला कोंब फुटले, नेमके माझ्या चादरींच्या बाजूला. दुसरी बाजू गेली ती गेलीच. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "जिवंत आहे तेवढं राहू दे. मेलेलं कापा."

त्यानं दुसऱ्या कोणाला करवत लावू दिली नाही. दुपारभर एकटा कापत होता. तुकडे बुंध्याशी पडले. मॅडम परत आल्या.

"हे ओंडके संध्याकाळपर्यंत उचलाल ना?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "इथेच कुजू देत. तिनं लावलेलं आहे, तिच्याच झाडाच्या पोटात जाऊ दे."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या."

बायको गेली तेव्हा तो रडला नव्हता. घर धुऊन काढलं होतं, भांडी घासली होती. त्या दिवशी तो त्या ओंडक्यांमध्ये उभा राहून रडला. नाक वाहत होतं, तोंडाला भुसा चिकटला होता, सगळा दवाखाना बघत होता, आणि त्यानं ते पुसलं नाही.